स्टेन्सिल टेस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं ओपनजीएल (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याची फंक्शनं) डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. फंक्शनांच्या नावांतलं सुरुवातीचं 'जीएल' वाचायला त्रास नको म्हणून गाळलं आहे. व्हल्कन, ब्राउझरमधलं वेबजीएल किंवा युनिटी हे गेम इंजिन यांत गोष्ट वेगळी होते तिथे तसं सांगितलं आहे.

स्टेन्सिल बफरमध्ये नेमकं असतं काय?

प्रत्येक पिक्सेलमागे एक पूर्णांक. बहुतेक ठिकाणी तो ८ बिटांचा असतो, म्हणजे ० ते २५५. हा आकडा स्क्रीनवर कधीच दिसत नाही. एखादा त्रिकोण काढायला घेतला की त्याच्या प्रत्येक फ्रॅगमेंटसाठी (एका पिक्सेलवर पडणाऱ्या तुकड्यासाठी) आधी हा आकडा तपासता येतो. तपासणीत पास झाला तर फ्रॅगमेंट पुढे जातो, नाही तर बाद. शिवाय तपासणीचा निकाल काय लागला त्यावरून तो आकडा बदलताही येतो. १९९२ च्या ओपनजीएल १.० पासून ही सोय आहे आणि मुळात फारशी बदललेली नाही.

१९२० × १०८० च्या स्क्रीनला असा बफर जेमतेम २ एमबी घेतो. प्रत्यक्षात तो बहुधा सुटा नसतोच. २४ बिट डेप्थचे (कॅमेऱ्यापासून किती दूर, त्या आकड्याचे) आणि ८ बिट स्टेन्सिलचे, असे ३२ बिट एकत्र बांधलेले असतात.

हे शेडरमध्ये (फ्रॅगमेंटचा रंग ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'इफ' लावून होत नाही का?

पुष्कळ वेळा होतं, आणि तेव्हा तसंच करावं. नुसत्या आयताकृती भागात चित्र कापायचं असेल तर स्टेन्सिलची गरजच नाही, सिझर टेस्ट पुरते. स्टेन्सिल उपयोगी पडतो ते एका ड्रॉ कॉलने (काढण्याच्या एका हुकमाने) ठेवलेली खूण दुसऱ्या ड्रॉ कॉलला वाचायची असते तेव्हा, किंवा 'या पिक्सेलवरून किती पृष्ठभाग गेले' हे मोजायचं असतं तेव्हा. शेडर ज्या टार्गेटवर (चित्रावर) लिहितो आहे तेच टार्गेट वाचायला गेला की भानगडी सुरू होतात. स्टेन्सिलची मोजणी हार्डवेअर स्वतः करतं, आणि बऱ्याचदा शेडर चालायच्या आधीच फ्रॅगमेंट बाद करून तेवढं काम वाचवतं.

स्टेन्सिल-फंक आणि स्टेन्सिल-ऑप यांत माझा गोंधळ होतो. कोण काय करतं?

फंक विचारतो, ऑप लिहितो.

स्टेन्सिल-फंकला तीन गोष्टी द्यायच्या: तुलनेचा प्रकार, संदर्भ-आकडा आणि मास्क (कोणते बिट धरायचे ते). तुलना करताना संदर्भ-आकडा डावीकडे असतो आणि बफरमधला उजवीकडे. म्हणजे 'लेस' दिलं आणि संदर्भ २ ठेवला, तर '२ हा बफरमधल्या आकड्यापेक्षा लहान आहे का' असा प्रश्न होतो. बफरमध्ये ३ असेल तर पास, १ असेल तर नापास. बहुतेक जण हे उलटं धरून चालतात. 'इक्वल' आणि 'नॉट-इक्वल' वापरताना काही बिघडत नाही म्हणून चूक लपून राहते आणि पहिल्यांदा 'ग्रेटर' लिहिलं की बाहेर येते.

स्टेन्सिल-ऑपलाही तीनच गोष्टी, पण या तीन वेगवेगळ्या परिस्थितींसाठी: स्टेन्सिलमध्येच नापास झाला तर काय करायचं, स्टेन्सिल पास पण डेप्थ नापास झाला (म्हणजे पुढच्या वस्तूमागे लपला) तर काय, आणि दोन्ही पास झाला तर काय. प्रत्येक जागी आठांपैकी एक पर्याय: कीप (तसाच ठेवा), झीरो, रिप्लेस (संदर्भ-आकडा लिहा), इन्क्र (१ मिळवा), डिक्र (१ वजा करा), या दोघांचे रॅप प्रकार (एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकावर) आणि इन्व्हर्ट (बिट उलटवा). सुरुवातीला तिन्ही जागी 'कीप' असतं, त्यामुळे टेस्ट नुसती चालू केली तर बफरमध्ये काहीही लिहिलं जात नाही. डेप्थ टेस्ट बंद असेल तर डेप्थ पास झाला असंच धरतात आणि तिसरी जागा लागू होते.

नेहमी लागणारी जोडी म्हणजे खूण करताना स्टेन्सिल-फंक(ऑल्वेज, १, २५५) आणि स्टेन्सिल-ऑप(कीप, कीप, रिप्लेस). मग खूण वापरताना स्टेन्सिल-फंक(इक्वल, १, २५५) आणि तिन्ही जागी कीप.

पहिली फ्रेम बरोबर येते, नंतर मात्र जुन्या खुणा तशाच राहतात. बफर पुसणारा क्लिअर तर दर फ्रेमला करतो आहे.

क्लिअर होतच नसणार. मास्क दोन आहेत. स्टेन्सिल-फंकचा तिसरा आकडा हा वाचण्याचा मास्क आणि स्टेन्सिल-मास्क हे वेगळं फंक्शन म्हणजे लिहिण्याचा मास्क. क्लिअर हा लिहिण्याचा मास्क पाळतो, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं असूनही कुणाच्या लक्षात राहत नाही.

घडतं असं. खुणा करून झाल्या, पुढच्या वस्तूंनी त्या पुसू नयेत म्हणून कोड स्टेन्सिल-मास्क(०) लावतो. फ्रेम संपते. पुढच्या फ्रेमच्या सुरुवातीला क्लिअर येतो, पण मास्क अजून ० आहे, म्हणून एकही बिट पुसला जात नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. हलणारी वस्तू असेल तर तिच्या मागे शेपटीसारखा माग उरतो. क्लिअरच्या बरोबर वरच्या ओळीत स्टेन्सिल-मास्क(२५५) लिहायची सवय लावून घ्या. सिझर टेस्ट चालू राहिली असेल तर तीही क्लिअरला कापते, तेव्हा तिच्याकडेही एक नजर टाका.

टेस्ट चालू केली, फंक 'नेव्हर' ठेवून पाहिला, तरी सगळं दिसतंच आहे!

तुमच्याकडे स्टेन्सिल बफरच नाही. ओपनजीएलचा नियम असा की बफर नसेल तर टेस्ट नेहमी पास. त्यामुळे एररची वाट पाहू नका.

विंडो उघडतानाच बफर मागावा लागतो, आणि कोण काय गृहीत धरतं यात एकवाक्यता नाही. विंडो उघडणाऱ्या लायब्ररींपैकी जीएलएफडब्ल्यू न मागता ८ बिट मागून घेतं. एसडीएलमध्ये सुरुवातीचा आकडा ० आहे. वेबजीएलमध्ये कॉन्टेक्स्ट घेताना 'स्टेन्सिल' हा पर्याय मुळात 'फॉल्स' असतो. वेबजीएल वापरणाऱ्या थ्री-जेएस लायब्ररीनेही आवृत्ती १६३ पासून तो आपल्याकडे 'फॉल्स' केला, त्यामुळे जुना चालणारा कोड लायब्ररी अपडेट केल्यावर गप्प बसला असेल तर आधी तिथे पाहा. स्वतःचा फ्रेमबफर ऑब्जेक्ट (विंडोऐवजी चित्र काढायची जागा) वापरत असाल तर त्याला नुसता डेप्थ जोडलेला नाही ना, ते तपासा. डेप्थ२४-स्टेन्सिल८ असा एकत्र फॉरमॅट जोडा.

निवडलेल्या वस्तूभोवती आउटलाइन कशी काढायची?

वस्तू नेहमीसारखी काढा आणि काढताना १ लिहा. मग तीच वस्तू थोडी फुगवून, एकाच रंगाच्या शेडरने, 'नॉट-इक्वल १' लावून काढा. मूळ वस्तूच्या जागी ती दिसणार नाही, कडेची पट्टी तेवढी उरेल.

फुगवण्यात मात्र खोच आहे. मॉडेलला नुसता १.०५ ने स्केल केला आणि त्याचा आरंभबिंदू पायाशी असला, तर आउटलाइन डोक्यावर जाड आणि पायाशी गायब. शिरोबिंदू नॉर्मलच्या (पृष्ठभागाला काटकोनात बाहेर जाणाऱ्या) दिशेने सरकवणं बरं. त्यातही घनासारख्या धारदार कडांच्या वस्तूला एकाच कोपऱ्यावर तीन वेगळे नॉर्मल असतात, त्यामुळे कोपरे फाटतात. आउटलाइनपुरते सरासरी नॉर्मल वेगळे साठवले की हा प्रश्न सुटतो. भिंतीआड गेलेली वस्तूही दाखवायची असेल तर स्टेन्सिल-ऑपच्या मधल्या जागी, म्हणजे डेप्थ नापासला, 'रिप्लेस' द्या.

आरशातलं प्रतिबिंब काढताना मागची भिंत मध्ये येते. काय राहिलं?

डेप्थ पुसायचा राहिला. क्रम असा: आधी आरसा सोडून बाकी सगळा सीन. मग रंग आणि डेप्थ लिहिणं बंद करून आरशाचा चौकोन, फक्त स्टेन्सिलमध्ये १ लिहायला. डेप्थ टेस्ट चालू असल्यामुळे आरशापुढे उभ्या असलेल्या वस्तू या खुणेतून आपोआप वगळल्या जातात. आता या खुणेच्या आत डेप्थ दूरवर ढकलायचा, कारण तिथे भिंतीचा डेप्थ बसलेला आहे. इथे क्लिअर कामाचा नाही, तो स्टेन्सिल टेस्ट पाळत नाही. आरशाचाच चौकोन 'इक्वल १' लावून, डेप्थ-फंक 'ऑल्वेज' आणि डेप्थ-रेंज (१, १) ठेवून पुन्हा काढायचा. मग रेंज आणि डेप्थ-फंक जागेवर आणून उलटवलेला सीन काढायचा. उलटवल्यामुळे त्रिकोणांची दिशा फिरते, म्हणून फ्रंट-फेस (कोणती दिशा समोरची, ती सेटिंग) बदलावा लागतो, आणि आरशामागच्या वस्तू प्रतिबिंबात घुसू नयेत म्हणून पलीकडचं कापणारं क्लिप प्लेन लागतं. शेवटी आरशाचा खरा डेप्थ आणि काचेचा हलका रंग.

समोरासमोर दोन आरसे असतील तर प्रत्येक पातळीला 'इन्क्र' करत जायचं. दोन-तीन पातळ्यांपुढे बघणाऱ्यालाही फरक कळत नाही.

अर्धपारदर्शक मराठी मजकूर काढला की अक्षरांच्या सांध्यावर गडद ठिपके दिसतात. स्टेन्सिलने जाईल का?

जाईल, आणि स्टेन्सिल शिकायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. रोमन लिपीपुरता विचार केलेल्या टेक्स्ट रेंडररमध्ये हा दोष कुणाला दिसतच नाही, कारण तिथे शेजारची अक्षरं सहसा एकमेकांना शिवत नाहीत.

देवनागरी फॉन्टमध्ये शिरोरेषा सलग एक नसते. प्रत्येक अक्षराच्या आकृतीला आपापला तुकडा असतो, आणि दोन तुकड्यांमध्ये केसाएवढी फट पडू नये म्हणून फॉन्ट करणारे तो तुकडा अक्षराच्या रुंदीबाहेर किंचित लांबवतात. 'कमल' लिहिलं तर क-म आणि म-ल या दोन सांध्यांवर रेषेवर रेष चढते. रंग अपारदर्शक असेल तोवर ठीक. ५० टक्के पारदर्शक केला की चढलेल्या जागी दोनदा ब्लेंड होतं आणि तिथे ७५ टक्के रंग बसतो. तेच ते ठिपके.

उपाय: आधी स्टेन्सिलमध्ये आकार उमटवायचा, मग एकदाच रंग भरायचा. अक्षराच्या बाह्यरेषेतल्या वक्रांचे छोटे सरळ तुकडे करा. एक कुठलाही बिंदू धरा आणि त्या बिंदूपासून प्रत्येक तुकड्याला एक असे त्रिकोण पंख्यासारखे काढा. रंग बंद, कलिंग (पाठमोरे त्रिकोण गाळणं) बंद. त्रिकोण अक्षराबाहेर जातील, एकमेकांवर पडतील, तरी चालेल. समोरच्या बाजूच्या त्रिकोणाला 'इन्क्र-रॅप' आणि पाठीमागच्याला 'डिक्र-रॅप' द्या. बाहेर सांडलेल्या जागी अधिक-उणे होऊन शून्य उरतं. 'क' च्या पोटातली पोकळ जागाही शून्यच राहते, कारण फॉन्टमध्ये आतल्या वळणाची दिशा बाहेरच्या उलट ठेवलेली असते. सगळ्या शब्दाचे त्रिकोण असे काढून झाले की शब्दावर एक आयत टाकायचा: फंक 'नॉट-इक्वल ०', आणि पास झाल्यावर ऑप 'झीरो'. रंग भरता भरता स्टेन्सिलही स्वच्छ होतो. सांध्यावर मोजणी २ झालेली असते, पण २ म्हणजेही शून्य नव्हे, एवढंच पाहिलं जातं. म्हणून तिथेही रंग एकदाच.

इथे दोन ठिकाणी माणसं अडकतात. रॅपऐवजी साधं 'इन्क्र-डिक्र' वापरलं तर ० मधून १ वजा केल्यावर ०च राहतो, पुढे मिळवलेला १ तसाच उरतो आणि अक्षराबाहेर त्रिकोणांचे तुकडे रंगतात. रॅपमध्ये ० मधून १ गेला की २५५ होतो आणि मिळवला की परत ०. दुसरं, पुष्कळ ठिकाणी 'इन्व्हर्ट' ची सोपी पद्धत सांगतात: एक बिट उलटसुलट करत जायचा. एकेका अक्षराला ती चालते. सगळा शब्द एकाच वेळी तिच्यात टाकलात तर सांध्यावर बिट दोनदा उलटतो आणि गडद ठिपक्याच्या जागी शिरोरेषेला भोक पडतं.

अक्षरं टेक्स्चर अॅटलसमधून (तयार अक्षरचित्रांच्या एका टेक्स्चरमधून) येत असतील तर मात्र मी स्टेन्सिलच्या वाटेला जाणार नाही. तिथे कडा अल्फातून (पारदर्शकतेच्या आकड्यातून) मऊ झालेल्या असतात आणि स्टेन्सिलला मधलं काही कळत नाही, हो किंवा नाही एवढंच. शब्द अपारदर्शक करून वेगळ्या टेक्स्चरवर काढा आणि ते टेक्स्चर एकदा ब्लेंड करा.

स्टेन्सिल सावल्यांबद्दल ऐकलं आहे. आता कुणी वापरतं का?

कमी. पण कल्पना देखणी आहे. १९७७ मध्ये फ्रँक क्रो यांनी मांडलं की वस्तूच्या कडा प्रकाशापासून दूर ताणल्या तर सावलीचा घनाकार मिळतो आणि त्याच्या आत जे आहे ते सावलीत. टिम हाइडमन यांनी १९९१ मध्ये हे स्टेन्सिल बफरवर बसवलं. डोळ्यापासून निघालेली नजर घनाकाराच्या समोरच्या पृष्ठातून आत शिरली की १ मिळवा, मागच्या पृष्ठातून बाहेर पडली की १ वजा करा. पिक्सेलपर्यंत पोचल्यावर शून्य उरलं तर उजेड.

कॅमेराच सावलीत शिरला की हा हिशेब चुकतो, कारण आत शिरल्याची नोंद झालेलीच नसते. उपाय म्हणजे उलट्या बाजूने मोजणं: पिक्सेलच्या मागे लपलेली पृष्ठं मोजायची, म्हणजे डेप्थ नापास झाल्यावर आकडा बदलायचा, मागच्या पृष्ठाला अधिक आणि समोरच्याला उणे. डूम गेमचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी २००० मध्ये हे लिहून सांगितलं आणि २००४ च्या डूम ३ या गेममध्ये वापरलं, म्हणून 'कारमॅकची उलटी पद्धत' असं नाव रूढ झालं. पेटंट मात्र क्रिएटिव्ह लॅब्जकडे होतं. २०११ मध्ये डूम ३ चा सोर्स कोड खुला करताना कारमॅक यांना तेवढा भाग बदलून लिहावा लागला. घनाकाराला दोन्ही टोकांना झाकणं लागतात आणि दूरच्या मर्यादेने ('फार प्लेन'ने) मागचं झाकण कापू नये म्हणून अनंतावर नेलेलं प्रोजेक्शन किंवा डेप्थ क्लॅम्प लागतो. हे सगळं एव्हरिट आणि किलगार्ड यांनी २००२ मध्ये नीट मांडून ठेवलं आहे.

करून बघणाऱ्यांसाठी एक सूचना: उजेडाच्या फेरीत तीच भूमिती पुन्हा काढताना डेप्थ-फंक 'लेस' ठेवू नका. डेप्थ तंतोतंत सारखा असतो आणि सगळं काळं येतं. 'लेस-इक्वल' ठेवा. आज बहुतेक जण शॅडो मॅप (प्रकाशाच्या जागेवरून काढलेलं डेप्थचं चित्र) वापरतात, कारण सावलीच्या कडा मऊ करता येतात आणि प्रचंड मोठे घनाकार रंगवण्यात जीपीयूचा दम जात नाही.

झाडाच्या पानाचं टेक्स्चर पारदर्शक आहे, पण स्टेन्सिलमध्ये अख्खा चौकोन उमटतो.

अल्फा ० असला तरी फ्रॅगमेंट जिवंतच असतो, ब्लेंडिंग स्टेन्सिलनंतर येतं. शेडरमध्ये अल्फा कमी असेल तिथे 'डिस्कार्ड' करा. मात्र शेडरमध्ये अर्ली फ्रॅगमेंट टेस्टची (शेडरआधीच तपासण्या उरकण्याची) सक्ती लिहिलेली असेल तर डिस्कार्ड होण्याआधीच स्टेन्सिल लिहून झालेला असतो. ती ओळ काढा.

कडा करवतीसारख्या दिसतात.

एमएसएए (एका पिक्सेलमागे अनेक सँपल घेणं) चालू करा. त्यात स्टेन्सिल प्रत्येक सँपलसाठी वेगळा ठेवला जातो, म्हणून कडा सुधारतात.

युनिटीत स्टेन्सिल नाव न घेता वापरला जातो का?

यूआयमधला 'मास्क' हा कंपोनंट स्टेन्सिलच आहे. एकात एक असे आठ मास्क झाले की संपलं, कारण प्रत्येक पातळीला एक बिट जातो. स्वतः लिहिलेला यूआय शेडर मास्कमध्ये कापला जात नसेल तर त्यात स्टेन्सिलचा ब्लॉक आणि त्याच्या प्रॉपर्टी नाहीत. यादी स्क्रोल करण्यापुरता मास्क हवा असेल तर 'रेक्ट मास्क टूडी' घ्या, तो स्टेन्सिलला हातच लावत नाही.

ओपनजीएलमधला कोड व्हल्कनमध्ये नेताना काय सांभाळायचं?

स्ट्रक्चरमधला क्रम. ओपनजीएलमध्ये स्टेन्सिल नापास, डेप्थ नापास, पास. व्हल्कनमध्ये स्टेन्सिल नापास, पास, डेप्थ नापास. नावं न लिहिता नुसत्या किमती भरल्या तर दोन जागांची अदलाबदल होते आणि सीन जवळजवळ बरोबर दिसतो, म्हणून शोधायला वेळ लागतो. फॉरमॅटही गृहीत धरू नका. २४ बिट डेप्थ अधिक ८ स्टेन्सिल किंवा ३२ बिट फ्लोट अधिक ८, यांपैकी किमान एक मिळेल एवढीच हमी आहे. अॅपलच्या स्वतःच्या चिपवर मेटलमध्ये (अॅपलच्या ग्राफिक्स फंक्शनांत) पहिला मिळत नाही. वेबजीएलमध्ये समोरच्या आणि मागच्या बाजूला वेगळा ऑप देता येतो, पण संदर्भ-आकडा आणि मास्क सारखेच ठेवावे लागतात, नाही तर ड्रॉ कॉलच नाकारला जातो.

मोबाइलवर महाग पडतो का?

फ्रेमच्या सुरुवातीला क्लिअर आणि शेवटी इन्व्हॅलिडेट-फ्रेमबफर ('यातलं आता नको' असं सांगणं) केलं तर फारसा नाही. मोबाइलचे बहुतेक जीपीयू टाइलवर काम करतात आणि स्टेन्सिल टाइलच्या आतल्या मेमरीत राहतो. या दोन ओळी विसरलात तर तोच बफर दर फ्रेमला मुख्य मेमरीत ये-जा करतो.

बफरमध्ये काय लिहिलं गेलं ते बघायचं कसं?

रेंडरडॉक या फ्रेम तपासायच्या साधनात फ्रेम पकडा, डेप्थ-स्टेन्सिल टार्गेट निवडा आणि फक्त स्टेन्सिल चॅनल दाखवा. किमती १-२ असतील तर चित्र काळंच दिसेल, म्हणून रेंज ० ते ४ वगैरे करून घ्या. रेंडरडॉक चालत नसेल तिथे फ्रेमच्या शेवटी डेप्थ टेस्ट बंद करून, तिन्ही ऑप कीप ठेवून, पूर्ण स्क्रीनचे तीन-चार आयत काढा: 'इक्वल १' ला लाल, 'इक्वल २' ला हिरवा, 'इक्वल २५५' ला जांभळा. जांभळा दिसला तर कुठेतरी शून्यातून वजाबाकी झाली आहे. तुमच्या कोडमधली डिक्र-रॅपची ओळ शोधा आणि तिच्या आधीचा ड्रॉ कॉल बघा.